निरोपाची माती

त्या रविवारी सकाळी आबांनी मला मारलं नाही.

आई परड्यात बसली होती, कुंडी दोन पावलांत धरून बदाम घोटत. तिच्या हातातला कडुनिंबाचा सोटा मनगटाएवढा जाड होता आणि तीस वर्षांच्या घोटण्यानं टोकाला गुळगुळीत झाला होता. आबा बाजेवर, उघड्या अंगानं, थंडाईचा पितळी पेला उजव्या हातात. मी आदल्या दिवशीच्या एसटीनं सांगलीहून आले होते. तिथं एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी करत होते. घरी आले की कुणाचं तरी न बोललेलं आबांना सांगायचं काम माझ्याकडं यायचं. या वेळी ते धाकट्या भावाचं, धैर्यशीलचं होतं.

"आबा, धैर्याला पुण्याची कंपनी लागलीय. पंधरा तारखेला हजर व्हायचंय."

सोटा थांबला.

"वीस तारखेला जत्रा हाय," आबा म्हणाले. "कुस्तीच्या मैदानात त्याची जोड ठरलीया."

"तो खेळणार नाही म्हणतोय. वीसलाही नाही आणि पुढंही नाही."

"त्यो म्हणतोय, का तू पुस्तकातलं वाचून दाखवतीयास?"

"तोच म्हणतोय. तुमच्यासमोर त्याची जीभ उचलत नाही, म्हणून मी."

आबांचा हात वर गेला. हातात जे असेल त्यासकट मारायची त्यांची पद्धत होती. आबा म्हणजे तालमीचे हिंदुराव वस्ताद, त्यांचा पंजा फावड्यासारखा होता. माझ्या डाव्या कानाला सातवीपासून कमी ऐकू येतं, आईचे पुढचे दोन दात नव्हते, आणि धैर्याच्या पाठीवर भिजवलेल्या दोराचे वळ उन्हाळ्यातही स्पष्ट दिसायचे. हात वर गेला की आई पाठ फिरवायची. त्या दिवशीही तिनं कुंडी उचलली आणि आत गेली. मी डोळे मिटले.

पेला दगडावर पडल्याचा आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा थंडाई त्यांच्या खांद्यावरून ओघळत होती आणि हात त्यांच्या मांडीवर पडला होता. आबा त्या हाताकडं बघत होते.

मग काही वेळानं त्यांनी बोटं दोन-तीनदा उघडझाप केली, पंचानं खांदा पुसला आणि उठले.

"धैर्याला तालमीत पाठव," म्हणाले. "म्हणावं, जायचंय तर रीतीनं जा."

आई बाहेर आली. मातीत जिरलेल्या थंडाईकडं आणि मग माझ्या गालाकडं तिनं बघितलं.

"न्हाई मारलं?"

"नाही."

"लेक मोठी झाली म्हंजे," आई म्हणाली आणि पेला विसळायला घेतला.

आमच्या तालमीची एक रीत होती. कुणाला कुस्ती सोडायची असली, म्हणजे लग्न झालं, नोकरी लागली, गुडघा गेला, तर त्यानं शेवटची पकड वस्तादांशी खेळायची. पोरगं मुद्दाम अंग सैल सोडायचं, वस्ताद त्याला हलकेच चीत करायचे आणि हौद्यातली मूठभर तांबडी माती त्याच्या डोक्यावर घालायचे. ती माती पडली की पोरगं मोकळं. ती न घेता जो जाईल त्याला गावातला पैलवान रामराम घालत नसे. सगळं दोन मिनिटांचं काम. नंतर गूळ वाटायचे.

तालीम मारुतीच्या देवळाला लागून होती. उंबऱ्यापलीकडं बाईनं पाऊल टाकायचं नाही. लहानपणापासून मी आबांचा डबा त्या उंबऱ्यावर ठेवून माघारी वळत आले होते. त्या दिवशी वळले नाही.

"आक्का, तू नको थांबू," धैर्या म्हणाला. बावीस वर्षांचा होता तो, आणि कसलेली लांग सोडून परत कसत होता.

"उंबऱ्यावरच आहे मी."

आत बाळगोंडा काका हौद्याच्या कडेला बसले होते. आबांचे पहिले पठ्ठे, आता पन्नाशीचे, कान चिंचेच्या आकड्यासारखे मुडपलेले.

"काय रं धैर्या, पुण्यात जाऊन नटबोल्ट पिळणार व्हय?"

"पिळतो की काका."

"चौदा वरसं मान पिळायला शिकवली, आन् लेकाचा पिळणार काय, तर नट." पंचवीसएक पोरं हसली. "कँटीनला पोटभर भात घालत्यात का?"

"घालतात म्हणे."

"मग जा बाबा. हितं वस्तादांच्या म्होरं आमच्या घशातनं घास उतरंना."

आबा हौद्यात उतरले तसं हसू थांबलं.

सलामी झाली. धैर्यानं रीतीप्रमाणे अंग सैल सोडलं. आबांनी त्याला चीत केलं नाही. त्यांनी रद्दा घातला. कोपरापासून मनगटापर्यंतचा अख्खा हात, समोरच्याच्या मानेवर, लाकूड फोडल्यासारखा. दुसरा घातला. तिसरा नाकावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला उंबऱ्यावर ऐकू आला.

"चीत करा की आबा," धैर्या म्हणाला. रक्त त्याच्या दातांवर आलं होतं.

"पाठ टेकून पळायचंय व्हय तुला? हुबा ऱ्हा."

तो उभा राहिला. आबा मारत राहिले. आठ, नऊ, दहा. कुणी मध्ये पडलं नाही. हौद्यातलं हौद्यात, असं तिथं म्हणत. आबांचा डावा हातच जास्त चालत होता. आयुष्यभर उजव्यानं मारणारा माणूस. हे मला तेव्हाच दिसत होतं.

सतरावा की अठरावा रद्दा बसला आणि धैर्यानं एक परत केला. एकच, आबांच्या मानेवर, डाव्या बाजूला. आबा एक पाऊल मागं सरकले.

आबा हसले.

"आत्ता," म्हणाले. "चौदा वरसांत पैल्यांदा हात लागला तुझा."

आणि त्याच्या बगलेत शिरून त्यांनी त्याला असा उचलून फेकला की धैर्याचं तोंड मातीत रुतलं. तो तसाच पडून राहिला. आबा धापा टाकत त्याच्याजवळ उभे होते. मग ते वाकले. त्यांनी उजवा हात मातीत घातला. बोटं आत गेली, पण मूठ वळेना. माती बोटांमधून गळून गेली. त्यांनी परत हात घातला. परत गळली. त्यांनी त्या हाताकडं बघितलं, सकाळी बाजेवर बघितलं होतं तसंच, आणि गुडघा मोडून ते धैर्याच्या पाठीवर आडवे झाले.

"उठवून परत हाणायला वाकलं वस्ताद," मागं कुणीतरी म्हणालं, "आन् तोल गेला."

त्यांना उताणं केलं तेव्हा तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. उजवा हात, उजवा पाय नुसते अंगाला लावल्यासारखे. डोळे उघडे होते. बोलायला जात होते आणि नुसता घशातला आवाज येत होता.

"शीर चढलीया," बाळगोंडा काका म्हणाले. "पोरानं रद्दा घातला न्हवं, त्यानं मानंची शीर चढली. तेल आणा."

शीर चढली की आधी मान सोडवायची, दवाखान्याचं नाव काढायचं नाही, कारण पैलवानाची मान बघून डॉक्टरच गार पडतो. हे आबांनीच त्यांना शिकवलं होतं. पंचक्रोशीतली उतरलेली खांद्याची हाडं आबा बसवत आणि पोरं ती बघून शिकत. तेच त्यांनी आबांवर केलं. चौघांनी हातपाय धरले. बाळगोंडा काकांनी मान मांडीवर घेतली, अंगठ्यांनी रगडली, डावीकडं पिळली, कट्ट वाजली, उजवीकडं पिळली. एकानं पडलेला हात खांद्यातून ओढला. आबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांच्या अंगावर इतकी माणसं मी कधी बघितली नव्हती आणि आबा त्यातल्या एकालाही ढकलत नव्हते.

"काका," मी उंबऱ्यावरून म्हटलं, "दवाखान्यात न्या त्यांना."

"इंदा, बाईमाणसाचं काम न्हाई हे. रगात मोकळं झालं की बोलत्याल."

"मिरज सोळा किलोमीटर आहे."

"सोळा असू दे न्हाईतर आठ. वस्तादांनीच शिकवलंय आमास्नी."

धैर्या हौद्याच्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता, नाकातून रक्त हनुवटीवर, आणि आपल्या उजव्या हाताकडं बघत होता. मी उंबऱ्यावर उभी होते. एक पाऊल टाकायचं होतं. टाकलं नाही.

दहा वाजता त्यांना बाजेवर घालून घरी आणलं. झोपू द्या, उतरंल, असं ठरलं. बारा वाजता आईनं चमच्यानं पाणी पाजलं ते सगळं ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर आलं. तेव्हा मी शेजारच्यांची जीप बोलावली.

मिरजेच्या दवाखान्यात आम्ही सव्वा वाजता पोचलो. डॉ. बागवान माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, किती वाजता पडले. आठ, असं सांगितल्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं," त्या म्हणाल्या. "साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मधले तास कुठं गेले?"

बाळगोंडा काकांच्या हाताला अजून तेलाचा वास होता.

पुढचे तीन दिवस त्यांनी आबांच्या अंगातला कोपरा न् कोपरा शोधला. मेंदूचे फोटो काढले, मानेच्या रक्तवाहिन्या तपासल्या. छातीला तारा लावून दिवस-रात्र ठोके मोजले, घशातून नळी घालून हृदय मागच्या बाजूनं बघितलं, पायाच्या शिरा बघितल्या. साखर नाही, दाब नाही, विडी नाही, दारू नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हाला बोलावलं. आई, धैर्या, मी आणि बाळगोंडा काका. धैर्याच्या नाकावर पट्टी होती.

"मेंदूच्या डाव्या भागाला रक्त नेणारी नळी गुठळीनं बंद झालीय," त्या म्हणाल्या. "ती गुठळी तिथं तयार झालेली नाही. दुसरीकडून वाहत आलीय. कुठून, ते सापडत नाही."

"म्हंजे पाटाच्या पाण्यागत," काका म्हणाले. "दाऱ्याला कचरा अडकला म्हंजे वरनं कुठनं तरी आलाच असणार."

"बरोबर. पण वरपर्यंत जाऊन बघितलं. काठ सगळे स्वच्छ आहेत. अशा कितीतरी पेशंटमध्ये शेवटपर्यंत कारण सापडत नाही."

"न्हाई कसं सापडत, बाईसाहेब? पंचवीस माणसांनी डोळ्यानं बघितलंय." त्यांनी धैर्याकडं बघितलं नाही. "पोरानं बापाच्या मानंवर रद्दा घातला, आन् दहा मिनिटांत बाप पडला. तुमच्या मशिनीला दिसंना झालंय तर आमी काय करावं?"

"मारानं मानेतली नळी आतून फाटू शकते. म्हणून तर आधी मानच बघितली. फाटलेली नाही."

"म्हणजे माझ्या हातानं झालं नाही?" धैर्यानं विचारलं. तीन दिवसांतलं त्याचं हे पहिलं वाक्य असावं.

डॉ. बागवाननी मानेचा फोटो परत उजेडासमोर धरला. "मला तसं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण कारणच सापडलं नाही, तर याच्यामुळं नाही असं लिहून कसं देणार?" मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "एक सांगा. माराच्या आधी काही झालं होतं का? त्या सकाळी, आदल्या दिवशी? हात जड पडणं, बोबडी वळणं, असं काही, जे आपोआप गेलं? कधी कधी मोठ्या झटक्याआधी एक छोटा येऊन जातो. तसं असेल तर रद्द्याचा प्रश्नच मिटतो. घरी कोण होतं सकाळी?"

"मी भितूर होते," आई म्हणाली. "ही होती त्यांच्याजवळ."

धैर्या माझ्याकडं बघत होता. पट्टीच्या वर त्याचे डोळे सुजलेले होते.

"नाही," मी म्हटलं. "काही झालं नाही."

त्या दिवशी संध्याकाळी मी आणि धैर्या आबांच्या कॉटशी उभे होतो. आबांची वाचा गेली होती, पण माणसं ओळखत होते. त्यांनी डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं. तो हात वर उचलला, डोक्यापर्यंत, आणि सोडून दिला. तो मांडीवर पडला. परत उचलला, परत सोडला. आणि माझ्याकडं बघत राहिले.

"काय म्हणतायत आबा?" धैर्यानं विचारलं.

"दुखतोय म्हणतायत."

आबांनी मान हलवली. नाही, अशी. तिसऱ्यांदा हात उचलायला लागले तेव्हा मी तो धरून चादरीखाली ठेवला.

पाचव्या दिवशी पहाटे दुसरी गुठळी आली. तीही कुठून आली ते कळलं नाही. कागदावर कारणाच्या ओळीत 'अज्ञात' असं लिहिलं होतं. तो कागद घेऊन मी जीपमध्ये पुढं बसले आणि आबा मागं.

परड्यात तिरडी बांधली तेव्हा सगळी तालीम आली होती. कोणी रडत नव्हतं. गाडगं घ्यायला धैर्या पुढं झाला आणि बाळगोंडा काकांनी त्याच्या कानशिलात दिली.

"त्या हातानं अग्नी देणार?"

धैर्या उभा राहिला. दुसऱ्यानं पोटात गुडघा घातला. मग ते सगळे आले. ज्यांच्याबरोबर तो चौदा वर्षं एका हौद्यात लोळला होता ती पोरं. त्यांनी त्याला तिरडीच्या बांबूवर पाडलं, उठवलं, परत पाडलं. पायतळी हळदीकुंकवाची ताटली आली आणि फुटली. नाकाची पट्टी सुटून रक्त परत वाहायला लागलं. त्यांना मारता येत होतं, तेच त्यांना शिकवलं होतं. कुठं मारलं की माणूस ओरडतो आणि कुठं मारलं की आवाज निघत नाही, हे त्यांना माहीत होतं. धैर्यानं एकदाही हात उचलला नाही. दोन्ही हात त्यानं पाठीमागं एकमेकांत धरून ठेवले होते.

"आई," मी म्हटलं, "त्यांना थांबव."

आई उठली. लोक बाजूला झाले. तिनं कुंडीतला सोटा घेतला होता. ती धैर्याजवळ गेली, त्याचा उजवा हात पाठीमागून ओढून काढला आणि चुलीजवळच्या दगडावर ठेवला. त्यानं ठेवू दिला.

"ह्योच न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय, आई."

तिनं सोटा दोन्ही हातांनी वर घेतला. एकदा, दोनदा, तीनदा. बदाम फुटतात तसाच आवाज होता. आबांनी तिला तीस वर्षं मारलं होतं आणि तिनं कुणालाही कधी मारलं नव्हतं. चौथ्यांदा सोटा उचलताना बाळगोंडा काकांनीच तिचा हात धरला.

"बास वहिनी. बास आता."

धैर्यानं डाव्या हातात गाडगं घेतलं आणि अग्नी दिला. माझ्या तोंडात एक वाक्य होतं. ते मी परड्यात बोलले असते तर सोटा खाली आला नसता. निदान त्याच्यावर आला नसता. मी भिंतीला टेकून उभी होते. पंधरा तारखेला धैर्या पुण्याला गेला. डोक्यावर माती न पडता गेला, म्हणून एसटीच्या फाट्यापर्यंत त्याला कुणी रामराम घातला नाही. माझ्याही तोंडून निघाला नाही.

याला तेरा वर्षं झाली. या चैत्रात आई गेली. झोपेत गेली, डॉक्टरांनी एका शब्दात कारण लिहून दिलं. दहाव्याला धैर्या आला, बायको-मुलाला पुण्यात ठेवून, एकटा. गावातली माणसं आली, पिंडाला कावळा शिवला, सगळे गेले. दुपारी आम्ही दोघंच परड्यात बसलो. त्याची दाढी कडेनं पिकली होती. उजव्या हाताची मधली तीन बोटं वाकडी होती, मिटत नव्हती.

कुंडी आणि सोटा भिंतीशी पडले होते. त्यानं सोटा उचलून त्यावरची धूळ पुसली.

"आक्का, हा मी घेऊन जाऊ का?"

"हा?"

"आईच्या हातातलं दुसरं काय राहिलंय?" तो हसला. "कंपनीत सांगतो, माझी बोटं गावाकडं मळणीच्या मशीनमध्ये गेली. लोक हळहळतात. चहा पाजतात."

मी कुंडी सरळ करून भिंतीला टेकवली.

"आमचा ईशान यंदा दुसरीला," तो म्हणाला. "शाळेला टाय आहे. त्याची आई सातच्या बसनं जाते कामाला, मग टाय बांधायची राहते. ही बोटं वाकडी असली तरी गाठ येते मला, खुर्चीच्या पाठीला बांधून बघितलीय. त्याच्या गळ्यापाशी गेलो की जमत नाही. शेजारच्या काकूंकडं पाठवतो. तो विचारतो, बाबा तुम्हाला येत नाही का. म्हटलं, नाही येत."

"धैर्या, तुझ्या हातानं झालं नाही ते."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दिसत नाही म्हणाल्या होत्या. न दिसणं वेगळं, आक्का."

"मला दिसलं होतं."

त्यानं सोटा मांडीवर ठेवला.

"त्या सकाळी मी त्यांना तुझ्या नोकरीचं सांगितलं. ते इथंच बसले होते, बाजेवर. मला मारायला हात उचलला आणि तो अर्ध्यातूनच खाली पडला. पेला सुटला. त्यांचं तोंड उजवीकडं उतरलं. काहीतरी बोलत होते, शब्द होत नव्हता. डाव्या हातानं माझा पदर धरला होता. मग हळूहळू सगळं परत आलं. उठून तालमीत गेले. तू त्यांना हात लावायच्या तासभर आधीची गोष्ट आहे ही."

"किती वेळ होतं तसं?"

"मी मोजत होते. एकशे साठपर्यंत मोजलं."

"मोजत होतीस."

"हो."

भिंतीपलीकडं कुणाचं तरी रेडकू ओरडत होतं. धैर्यानं सोट्याचं गुळगुळीत टोक अंगठ्यानं चोळलं.

"आणि मी पडलेला असताना वाकले ते? सगळे म्हणतात, परत हाणायला."

"माती घ्यायला वाकले होते, तुझ्या डोक्यावर घालायला. दोनदा हात घातला त्यांनी. मूठ वळत नव्हती."

त्याची वाकडी बोटं सोट्यावरून सरकली आणि खाली, परड्यातल्या मातीला टेकली. मला वाटलं, उठेल आणि तो सोटा माझ्यावर उचलेल. त्यानं उचलला असता तर मी हात दगडावर ठेवला असता.

"एकशे साठ," तो म्हणाला. "आई आत होती. मी माडीवर होतो. हाक का नाही मारलीस, आक्का?"

"हात पडला होता त्यांचा," मी म्हटलं. "तो परत उठू नये, असं मला वाटत होतं."